ऑर्गनाच्या पोटातला दिवा

बाळांनो,

यंदा ईस्टरला तुम्ही इथे होतात. गुड फ्रायडेच्या दुपारी तुमच्यातली मोठी माझ्यामागून चर्चच्या माडीवर चढून आली आणि तिने मला दोन प्रश्न विचारले. "आजी, हा ऑर्गन तर बंद पडलेला आहे. मग त्याच्या पोटात दिवा कशाला? आणि तो तू आज का विझवलास?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मी लगेच दिलं. त्या पेटीत आता गायनाची पुस्तकं ठेवतात आणि दिव्याच्या उबेने त्यांना बुरशी येत नाही. दुसऱ्याचं उत्तर द्यायला वेळ नव्हता, खाली मिरवणूक निघत होती. तुम्ही परत गेलात तरी ते माझ्याकडे राहूनच गेलं. फोनवर अशा गोष्टी नीट सांगता येत नाहीत, म्हणून लिहिते आहे. आईकडून वाचून घ्या.

ऑर्गन आमच्या चर्चला मिळाला तो अठ्ठ्याण्णव साली. गावातले काही जण बोटीवर नोकरीला होते, त्यांनी मिळून तो भेट दिला. लाकडी कपाटासारखा उभा, विजेवर चालणारा ऑर्गन, खाली पायाने दाबायची पट्टी, वर रंगीत बटणांची रांग. त्याआधी आमच्याकडे फाटक्या भात्याची एक बाजाची पेटी होती, आणि तीही नसती तरी कुणाचं अडलं नसतं, कारण आमचं गाणं तुमच्या पणजीच्या गळ्यावर चालत असे.

तुमची पणजी म्हणजे माझी सासू. आम्ही सगळे तिला मांय म्हणत असू. ती खाली पुढच्या बाकावर बसायची. गाण्याची वेळ झाली की सगळं चर्च गप्प होऊन तिची वाट बघायचं. ती पहिली ओळ एकटी म्हणायची, याला आमच्याकडे गीत उचलणं म्हणतात, आणि मग बाकीचे तिच्यामागून जायचे. तिला ना सूर लिहिता येत होता ना वाचता. पण तिने उचललेलं गीत कधी कुणाला फार उंच झालं नाही की फार खाली गेलं नाही. म्हातारे, मुलं, मासे विकून घाईघाईने आलेल्या बायका, सगळ्यांना त्यात जागा असायची.

मला शाळेत नन्सनी पियानो शिकवला होता, म्हणून ऑर्गनावर मला बसवण्यात आलं. मला वाटलं होतं, मांयला हे आवडणार नाही. झालं उलटंच. ऑर्गन माडीवर चढवला त्या दिवशी ती खाली उभी राहून लोकांना सांगत होती, "सांबाळून रे! पायरेर आपटशात! माजो जीव व्हरतात तुमी."

घरी आल्यावर मी तिला विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "माजो दम आता पुरना नाय गो. माज्या मागसून गीत कोण उचलतलां? आता ह्यो उचलतलो." मग म्हणाली, "एकदा तरी ईस्टराचो ग्लोरिया माका बसान आयकाचो आसा. जल्मभर उचललंय. एकदा नुसतो आयकतंय."

हे समजायला तुम्हाला आमच्या ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची रीत ठाऊक हवी. गुरुवारी संध्याकाळच्या मिसात, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, ग्लोरिया हे देवाच्या गौरवाचं गीत होतं आणि त्यानंतर घंटा आणि वाद्यं मुकी होतात. घंटेऐवजी लाकडी खटखट्या वाजवतात. मूर्ती जांभळ्या कापडात झाकतात, अल्तारावरचं, म्हणजे वेदीवरचं, सगळं काढून घेतात. पवित्र साक्रामेंत, म्हणजे जिच्यात देव आहे असं आम्ही मानतो ती भाकर, तिथून हलवतात आणि तिच्याजवळ वर्षभर तेवणारा दिवासुद्धा विझतो. मग शनिवारी अंधार पडल्यावर मेणबत्त्यांच्या उजेडात मिसा सुरू होतो, आणि ग्लोरिया आला की सगळ्या घंटा, सगळे दिवे आणि सगळी वाद्यं एकदम जागी होतात. वर्षातला हा एक क्षण. मांयला तो बसून ऐकायचा होता.

आणि आमचा ऑर्गन नेमका त्याच क्षणी बंद पडायचा.

तसा तो भरवशाचा कधीच नव्हता. चर्च, मांयच्या बोलीत इगर्ज, खाडीच्या तोंडावर, खिडक्यांतून खारा वारा. पावसाळ्यात त्याचे मधले काही सूर नाहीसे व्हायचे आणि मला त्या पट्ट्या चुकवत वाजवावं लागायचं, रस्त्यातले खड्डे चुकवत सायकल चालवावी तसं. वीज कमी दाबाने आली की तो म्हशीसारखा रेकायचा. वीज जाऊन परत आली की मी निवडलेली सगळी बटणं विसरून आपल्या मनाने ताल धरायचा. एकदा एका मयताच्या मिसात असंच झालं. वीज गेली, आली आणि ऑर्गनाने नाचाचा ठेका सुरू केला. मी बटण शोधेपर्यंत खाली सगळ्यांनी ऐकलं. मेलेले गृहस्थ लग्नांच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवायचे. त्यांची बायको डोळे पुसता पुसता शेजारणीला म्हणाली, "ऱ्हवांदे गो. तेंका आवडला असता."

बांद्याहून एक दुरुस्तीवाला यायचा. तो मागची फळी काढायचा, आत फुंकर मारायचा, एक-दोन तारा नव्याने जोडायचा आणि सांगायचा, "ओल, बाई. दुसरं काही नाही. ओल."

ओलीवर काय करायचं हे आमच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. माझ्या कपाटात चामड्याच्या चपला आणि प्रमाणपत्रं ठेवते तिथे मी एक लहान बल्ब कायमचा लावून ठेवते, तुम्ही पाहिला आहे. तसाच एक मी ऑर्गनाच्या पोटात बसवून घेतला. फादरना तसं समजावून सांगितलं, माडीवरच्या गाणाऱ्या मंडळींना बजावलं की हा दिवा कुणीही बंद करायचा नाही. तेव्हापासून ऑर्गन बराच सुधारला. पावसातसुद्धा चालू लागला. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या वार्षिक सणाला, वाजला, नाताळला वाजला.

ईस्टरला मात्र नाही. ग्लोरिया सुरू व्हायचा, घंटा वाजू लागायच्या, मी पट्ट्यांवर हात ठेवायची आणि आतून नुसता खरखराट यायचा, नाहीतर एकच सूर अडकून बसायचा. खाली लोक थांबायचे. मग मांय उभी राहायची आणि गीत उचलायची. सुरुवातीच्या वर्षांत ते सहज व्हायचं. पुढे पुढे दोन ओळींच्या मध्ये तिला धाप लागलेली माडीवर ऐकू यायची. शेवटची ओळ ती ओठांनीच म्हणायची आणि लोक पूर्ण करायचे. घरी येऊन खुर्चीत बसली की म्हणायची, "फुडल्या वर्सा वाजतलो." माझी समजूत घालायची ती, मी तिची नाही.

मी माझ्या पद्धतीप्रमाणे कारण शोधलं. दिवा शनिवारी चालूच असायचा, मी स्वतः पाहायची. तारा ठीक, बटणं ठीक. ऑर्गनावर त्या आठवड्यात जांभळं जाड कापड घालतात, ते वर्षभर पेटाऱ्यात पडून दमट झालेलं असतं हे खरं. पण आत दिवा असताना तेवढ्याने काय बिघडणार? गावात तर लोक म्हणू लागले की आमचा ऑर्गन दुःख पाळतो आणि त्याला सुतक सोडायला एक दिवस जास्त लागतो. तुमचे आजोबा म्हणायचे, "फादरांका सांग, त्येका शुक्रवारीच उठवा."

मग एका वर्षी पवित्र आठवड्यात मांय आजारी पडली. ताप होता आणि खोकला. गुड फ्रायडेची प्रार्थना झाली की चर्चभर फिरून एकूण एक दिवा विझला आहे ना ते बघायचं काम वर्षानुवर्षं तिच्याकडे होतं. ते कुणी तिला दिलेलं नव्हतं, तिनेच धरलेलं होतं. त्या दुपारी तिने मला खाटेजवळ बोलावलं.

"तू जातलंस मां? दोनूय बाजूचे कोनाडे बघ. क्रुसाच्या पावलाकडली पणती बघ. आनी वयर चढान ऑर्गनाचो दिवो मालव. इसरा नको हां."

मी विचारलं, "मांय, तो दिवा तुमी मालवतात?"

"तर कोण? दर वर्सा मालवतंय. खालसून फटीतसून दिसता मगे, तांबडो तांबडो. शनवारी फुलां घालूक गेलंय की परत लायतंय. तुजो दिवो मी असो मालवलेलोच ठेवीन?"

"माजो दिवो?"

"तुज्या नवसाचो."

मग ती समजुतीच्या स्वरात म्हणाली, "माका ठावक आसा गो. त्या ऑर्गनान तुका किती सतायलां. सायबिणीच्या मूर्तीफुडे लायतत तसो तू थंय दिवो लायलंस. माका बरा वाटला. नवस सांगाचो नसता, म्हणान मी इचारूक नाय."

फादरना मी सांगितलं होतं, माडीवरच्या मंडळींना सांगितलं होतं. मांय खाली बसायची. तिने अंधारातून दिसणारा तो उजेड पाहिला, आणि ज्या घरात दिवा म्हणजे कुणापुढे तरी लावलेला दिवा, त्या घरातल्या बाईने त्याचा जो अर्थ घेतला तोच मीही घेतला असता. नवसाचा झाला तरी त्या दिवशी तो विझलाच पाहिजे. म्हणून गुडघे धरत, कठड्याला टेकत ती दर गुड फ्रायडेला माडी चढायची आणि ऑर्गनाची ऊब बंद करायची. वर ते दमट जांभळं कापड. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत आत ओल धरायला तेवढं पुरे होतं.

मी खाटेच्या कडेवर बसले आणि तिला सगळं सांगितलं. चपलांचं कपाट दाखवलं. तिला लगेच कळलं. तिचा हात पांघरुणावर फिरत होता, तो थांबला.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

"आता कळलं ना. आज नाही मालवायचा. उद्या वाजेल तो. तुमी आयकशात."

तिने मान हलवली. मला वाटलं, हो म्हणाली. पण ती नाही म्हणत होती.

"आज मालवूकच होयो. देवाफुडलो दिवो फादर आपल्या हातान मालवता. आनी पेटयेतलो ऱ्हवतलो? आज इगर्जेत देव नाय. उजेड कोणाक?"

"आणि तुमचा ग्लोरिया?"

खोकल्याची उबळ आली, गेली. मग म्हणाली, "माजो ग्लोरिया ऱ्हवांदे. जा तू, मालव जा."

मी शिकलेली बाई आहे. विजेचा बल्ब म्हणजे वात नव्हे, हे मी तिला पटवू शकले असते असं तेव्हा मला वाटत होतं. आता वाटत नाही. तिने काय सोडलं ते मला ठाऊक होतं आणि कशासाठी सोडलं तेही. वाद घालायला जागाच नव्हती. मी चपला घातल्या.

तुमचे आजोबा दारात उभे राहून हे ऐकत होते. ते आपल्या आईला म्हणाले, "गो मांय, इगर्जेत उजेड नको. घरात चलता मां?"

"घरात म्हणजे?"

"घरात म्हणजे ह्या खोलयेत. ऑर्गन हडे हाडूया. आज रातीक ऱ्हवांदे, उद्या परत व्हरूया."

मांयने डोळे मिटले. हे मागे कुणी केलेलं नव्हतं, त्यामुळे तिला ते आतल्या आत नीट पारखून घ्यावं लागलं. शेवटी म्हणाली, "घर म्हणजे इगर्ज न्हय." आणि थोड्या वेळाने, "पण माज्या तोंडार उजेड नको."

आजोबांनी जाऊन फादरना विचारलं, ते हसले आणि हो म्हणाले. गाणाऱ्यांतली चार धट्टीकट्टी माणसं माडीवर गेली. त्यांनी ऑर्गन जांभळ्या कापडासकट दोर बांधून खाली उतरवला आणि खांद्यावर घेऊन उतरणीच्या पायऱ्यांनी आमच्या घराकडे निघाली. गुड फ्रायडेची संध्याकाळ, जांभळ्या कापडात गुंडाळलेलं काहीतरी मोठं, चौघांच्या खांद्यावर. शिरोड्याहून पाहुणी आलेली एक म्हातारी रस्त्याच्या कडेला थांबली, तिने हाताने छातीवर क्रूस काढला आणि मागून चालू लागली. आमच्या फाटकापर्यंत आल्यावर तिने विचारलं, "ह्यो खयचो संत गो?"

पुढच्या माणसाने वळून सांगितलं, "संत नाय, मावशे. आजारी आसा. मांयकडे वखदाक व्हरतंव."

ऑर्गन मांयच्या खोलीत भिंतीशी ठेवला. ते दमट कापड मी चुलीजवळ वाळत घातलं. आमच्या घरीसुद्धा त्या संध्याकाळी मांयच्या शिस्तीने दिवे लागत नसत. त्यामुळे सगळ्या घरात मागच्या फळीच्या फटीतून येणारा तेवढाच एक उजेड होता. मांयने भिंतीकडे तोंड केलं होतं. पण मी पाणी द्यायला गेले तेव्हा ती हळूच म्हणाली, "वायच ऊब लागता गो हेची."

शनिवारी तिचा ताप उतरला होता, पण चालण्याचं त्राण नव्हतं. त्याच चौघांनी आधी ऑर्गन वर नेला आणि मग परत येऊन मांयला वेताच्या खुर्चीत बसवून नेलं.

"मांय जड की ऑर्गन जड रे?" आजोबांनी विचारलं.

"ऑर्गन बरो," एक जण धापा टाकत म्हणाला. "तो वाटेत शिकवणा नाय, हय पाय घाल नि थंय घालू नको."

"मगे घाल ना थंय," मांय खुर्चीतून म्हणाली, "आनी पड माका घेवन."

तिला तिच्या नेहमीच्या बाकाशेजारी ठेवलं. मिसा सुरू झाला, मेणबत्त्या पेटल्या, वाचनं झाली. मग फादरनी ग्लोरियाचा पहिला शब्द उच्चारला, घंटा सुरू झाल्या, दिवे लागले, आणि मी पट्ट्यांवर हात ठेवला.

तो वाजला. पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत, एकही सूर न गाळता. माझी सुरुवातीची ओळ संपली आणि मी गाण्याची वाट बघितली.

कुणीही गायलं नाही.

मी तीच ओळ पुन्हा वाजवली. माडीवरचे माझ्याकडे बघत होते आणि खालचे सगळे मांयकडे. इतकी वर्षं त्या क्षणी तिनेच उचललं होतं. ऑर्गन वाजतो आहे हे त्यांना ऐकू येत होतं, पण त्यांची तोंडं तिच्या आवाजाने उघडायची. माडीवरून मला तिच्या डोक्यावरचा पांढरा पदर तेवढा दिसत होता. तो हलला. ती खुर्चीत मागे वळली, सगळ्या चर्चकडे तोंड करून, आणि तिचा आवाज वरपर्यंत आला.

"माका काय बघतात? गावा मगे! तो वाजता न्हय!"

आधी हसू फुटलं आणि त्या हसण्यातूनच गाणं सुरू झालं. मी माझी ओळ सोडून त्यांना जाऊन मिळाले. मांय पुन्हा अल्ताराकडे वळली होती. तिने गायलं नाही. शेवटपर्यंत ती नुसती बसून होती, दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर.

घरी आल्यावर मी तिच्या पायांवर पांघरूण घातलं आणि विचारलं, "कसा झाला?"

मला वाटलं होतं ती खूप काही बोलेल. "बरो झालो," ती म्हणाली. "पण तू धावतंस गो. ओळ सोपली की लोकांका सास घेवक दी. तेंका फुफ्फुसा आसत, तुज्या पेटयेक नाय."

त्यानंतर मांयला दोन ईस्टर मिळाले. दोन्ही वेळा ऑर्गन आमच्या घरी मुक्कामाला आला आणि दोन्ही वेळा वाजला, आणि दर ओळीनंतर मी थांबत गेले. तिच्या मयताला तो अर्धाच वाजला. वरचे सूर त्याने दिलेच नाहीत. मी खालच्या सुरांत वाजवलं, लोकांना श्वास घ्यायला जागा ठेवून. नंतर एका पावसात तो कायमचा बंद पडला. आता जो लहान कीबोर्ड आहे तो मिसा झाला की पिशवीत घालून घरी नेतात, त्याला दिवा लागत नाही.

गीत उचलायचं काम आता कुणा एकाचं राहिलेलं नाही. कीबोर्डाने ओळ वाजवली की सगळे एकदम सुरू करतात. मांयला हेच हवं होतं. तरी मी खाली बसले की एखाद्या वेळी अजून क्षणभर थांबते.

तर हे तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. दिवा विझवल्याने आता काही बिघडत नाही. ऑर्गन मेलेला आहे, आणि एका दिवसाच्या ओलीने पुस्तकं खराब होत नाहीत. गुड फ्रायडेची प्रार्थना संपली की मी दोन्ही बाजूंचे कोनाडे बघते, पावलाकडची पणती बघते आणि मग कठड्याला धरून माडीवर चढते. गुडघे आता माझेही दुखतात. शनिवारी फुलं घालायला गेले की मी तो परत लावते.